सोडा पाण्यात, पाणी सोड्यात नाही

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून घरी केलेल्या साबणाच्या वड्या दिल्या. गड्ड्याची यात्रा भरात होती, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांसाठी माहेरी आलेल्या लेकीबाळी अजून परतल्या नव्हत्या, त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात दुपारपासूनच बायकांची ये-जा चालू होती. हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन मी प्रत्येकीच्या हाती खाकी कागदात गुंडाळलेली एक वडी ठेवत होते. मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईने वडी नाकाशी नेली, वाळ्याचा वास लगेच ओळखला आणि कौतुकाने विचारले, “ताई, हे घरीच करलालाव व्हय तुम्ही?” मी हो म्हटले. मग तिचा चेहरा थोडा सावध झाला. “पण ह्यात केमिकल तर नाही ना?” मी सांगितले, की यात कॉस्टिक सोडा वापरलेला आहे, त्याशिवाय साबण होतच नाही. ती समजुतीने हसली, “राहू द्या मग, नातू लहान आहे घरात,” असे म्हणून तिने वडी अलगद तबकात परत ठेवली आणि शेजारणीशी बोलत बाहेर पडली. हळदीकुंकवाचे वाण परत ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. मागे बसलेल्या दोघीतिघींनी आपापल्या हातांतल्या वड्यांकडे पाहिले.

तिचे काही चुकले नव्हते, आणि माझे उत्तरही खरे होते.

तरीही ती परत ठेवलेली वडी माझ्या मनातून जाईना. राग आला असे म्हणवत नाही, कारण लहान मुलाच्या अंगाला काय लागते याची काळजी करणाऱ्या बाईवर कोण रागावेल? शिवाय तिची शंका निराधारही नव्हती. घरचा असो की कारखान्यातला, खरा साबण क्षारधर्मीच असतो, आणि तान्ह्या बाळाच्या कातडीला तो रोज लागू नये असे मलाही वाटते. टोचत होते ते वेगळेच. त्या एका प्रश्नाने माझ्या वडिलांचे आयुष्य क्षणभर माझ्या दिवाणखान्यात येऊन उभे राहिले होते, आणि त्याच्याविषयी मी एक अक्षर बोलले नव्हते.

आमचे अण्णा पूर्व भागातल्या एका रंगखात्यात कामाला होते. चांगल्या सोलापुरी चादरीचा रंग वर्षानुवर्षे धुऊनही फिकटत नाही असे आपण अभिमानाने सांगतो, त्यामागे वॅट रंगांचा मोठा वाटा आहे. हे रंग मुळात पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घातलेल्या गरम पाण्यात त्यांचे रूप पालटते, तेव्हा ते विरघळतात आणि सुतात शिरतात. सूत बाहेर काढून हवेला धरले की त्यांचे मूळ रूप परत येते आणि रंग धाग्याच्या आत कायमचा अडकतो. काही पिवळे रंग हौदात गडद निळे दिसतात. अण्णांचा डबा द्यायला गेले की मी हौदापासून लांब, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहत असे. निळ्या पाण्यातून काढलेली सुताची लड दांडीवर चढायची, तिच्यातून पाणी निथळायचे, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती आधी हिरवट आणि मग हळूहळू पिवळी होत जायची. शेवटी ती लड उकळत्या साबणाच्या पाण्यातून काढत, कारण त्याशिवाय रंगाची खरी छटा उघडत नाही आणि वरवर चिकटलेला रंग सुटत नाही. वाफ, हायड्रोचा उग्र वास, ओल्या सुताचा वास आणि त्यातच साबणाचा वास, असे ते सगळे मिसळलेले असे. साबणाचा वास मला आजही न्हाणीघरापेक्षा त्या पत्र्याच्या शेडची आठवण आधी देतो.

अण्णांचे हात मला नीट आठवतात. नखांच्या कडांना निळसर रेघ कायमची बसलेली होती. बोटांची टोके इतकी गुळगुळीत झालेली होती, की त्यांच्यावरच्या रेषा शोधाव्या लागत. हातमोजे होते, पण ओल्या लडी पिळताना त्यांत पाणी शिरे आणि आत शिरलेले कॉस्टिकचे पाणी बाहेरच्यापेक्षा जास्त छळे, म्हणून बहुतेक जण ते काढून ठेवत. जेवताना शेंगाची चटणी बोटांच्या भेगांना झोंबे, तेव्हा अण्णा भाकरीचा तुकडा मोठा मोडून चटणी त्यावरच ठेवत आणि बोटे कोरडी राखत. रात्री आई वाटीत खोबरेल कोमट करून त्यांच्या तळव्यांना चोळत बसे. कामावरून घरी आल्यावर, हात धुण्याआधी, त्यांचा ओला हात धरला तर तो निसरडा लागायचा, आणि मला वाटायचे की रंगाचाच काही गुण असेल. पुढे बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतले तेव्हा कळले, की कॉस्टिक कातडीवरच्या तेलाला लागते आणि त्या तेलाचा साबण होऊ लागतो, म्हणून तो स्पर्श निसरडा असतो.

अण्णांच्या हातांवर रोज थोडा थोडा साबण तयार होत होता.

हे वाक्य मी त्यांना कधी सांगितले नाही. ते निवृत्त झाल्यानंतर, माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत, मी साबण करायला लागले, आणि मी काय करणार आहे हे ऐकून ते काही न बोलता स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले. मी तराजू, चष्मा, हातमोजे, स्टीलची पातेली मांडली. मी पुड्यातले पांढरे पापुद्रे तोलू लागले तसे ते उठून जवळ आले आणि एकच गोष्ट म्हणाले, “सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यात नाही.” मला ते पुस्तकातून माहीत होते, त्यांना ते कुणा जुन्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि तेही बहुधा कुणाचा तरी चेहरा भाजल्यानंतर. कोरड्या कॉस्टिकच्या ढिगावर पाणी ओतले की तिथल्या तिथे इतकी उष्णता सुटते, की पाणी उसळून वर येते. पाण्यात हळूहळू सोडा घातला तर तीच उष्णता साऱ्या पाण्यात पसरते, तरीही पाणी पाहता पाहता ऐंशी अंशांच्या पुढे जाते. अण्णांनी खिडकी उघडली, पंखा बंद केला, कारण पापुद्रे हलके असतात आणि उडतात, आणि “तोंड बाजूला” म्हणाले. त्यांनी जर्मनचे पातेलेही कोपऱ्यातून उचलून बाहेर नेऊन ठेवले. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. त्याचे नाव त्यांना ठाऊक नसेल, पण असे पातेले कसे फसफसते ते त्यांनी पाहिलेले होते.

साबण करण्याची सगळी गंमत त्या दोन भांड्यांत असते. एकात तेल, दुसऱ्यात ते निवळ, दिसायला साध्या पाण्यासारखे द्रावण. दोन्ही कोमट झाली, की द्रावण बारीक धारेने तेलात सोडायचे आणि हॅण्ड ब्लेंडर थांबवत थांबवत फिरवायचा. आधी तेल गढूळ होते, मग पिवळसर पांढरे, मग दाट. ब्लेंडर वर उचलून ठिबकणाऱ्या थेंबांनी पृष्ठभागावर रेघ ओढावी आणि ती रेघ बुडून न जाता वरच राहावी, तो क्षण आला की हात थांबवायचा. त्या क्षणाची वाट पाहताना माझे सारे लक्ष त्या रेघेवर असते, दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही. मग वाळ्याचे तेल, कधी नागरमोथ्याची पूड, आणि लगेच साचा, कारण काही सुगंधी तेले मिश्रणाला घाईने घट्ट करतात. लाकडी साच्यात बटर पेपर अंथरून मिश्रण ओतायचे आणि थंडीच्या दिवसांत वर जुनी चादर गुंडाळायची, म्हणजे आतली ऊब टिकते आणि वडीचा पोत एकसारखा येतो. आमच्याकडे ती चादर अण्णांच्या रंगखात्यातल्या सुताची आहे. मे महिन्यात चादरीची गरज पडत नाही. तेव्हा उलट मिश्रण जास्त तापून मधोमध तडकते, म्हणून साचा फरशीवर, ओल्या फडक्याजवळ ठेवावा लागतो.

कोणत्या तेलाला किती कॉस्टिक लागते हे प्रत्येक तेलाचे वेगळे असते, आणि या ठिकाणी अंदाज चालत नाही. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला १८ ग्रॅमांच्या थोडे वर लागते, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साडेतेराच्या आसपास पुरते. त्या हिशेबातून मी पाच टक्के कॉस्टिक कमी घालते, म्हणजे सगळे कॉस्टिक संपते आणि थोडे तेल साबणात मोकळे राहते. नीट तोललेल्या, नीट मुरलेल्या वडीत कॉस्टिक उरत नाही. तेलाचा जवळजवळ प्रत्येक रेणू फुटून त्याच्यातून साबण आणि ग्लिसरीन झालेले असते. फ्रान्सच्या मिशेल शेव्हरल याने तेला-चरबीची ही घडण उलगडून १८२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. त्याआधी शेकडो वर्षे माणसे लाकडाच्या राखेच्या पाण्यात चरबी शिजवून साबण करतच होती. आत काय घडते ते मात्र त्यांना ठाऊक नव्हते. मोठ्या कारखान्यांत ते ग्लिसरीन बहुधा मिठाच्या पाण्याने वेगळे काढून निराळे विकले जाते. घरच्या वडीत ते राहते, आणि हात धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी होत नाही याचे बरेचसे श्रेय त्याला आणि त्या मोकळ्या तेलाला आहे.

मग पुढचे चार ते सहा आठवडे. बहुतेक रासायनिक काम पहिल्या एक-दोन दिवसांत उरकते. नंतरचा काळ पाणी उडून जाण्याचा आणि वडी टणक होण्याचा. सोलापूरची कोरडी हवा या कामाला फार चांगली. कोकणातल्या मावसबहिणीकडे पावसाळ्यात वड्यांना घाम फुटतो, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते; आमच्याकडे माळ्यावरच्या जाळीवर ठेवलेल्या वड्या खणखणीत होतात. अण्णा आठवड्याने एक वडी उचलून जिभेच्या टोकाला लावत. कॉस्टिक शिल्लक असेल तर जिभेला झिणझिणीत चटका बसतो. “अजून चावतंय,” असे म्हणून ते वडी परत ठेवत, आणि एखाद्या घाण्याला, म्हणजे एका वेळी केलेल्या साबणाला, ते काहीच न बोलता मान हलवून पुढे जात, म्हणजे तो जमला. त्यांनी माझा साबण चांगला आहे असे तोंडाने कधी म्हटले नाही. आंघोळीला मात्र ते दुसरा वापरेनासे झाले.

तेलांच्या बाबतीत मी आपल्या भागाला धरून राहण्याचा प्रयत्न करते, आणि त्यातून बरेच शिकायला मिळते. करडई हे आपल्या काळ्या रानातले रब्बीचे पीक. तिच्या जातींवर सोलापूरच्या संशोधन केंद्रात वर्षानुवर्षे काम झालेले आहे, आणि लाकडी घाण्यावरून आणलेल्या करडईच्या तेलाचा वास मला सगळ्या तेलांत जवळचा वाटतो. पण साबणात हे तेल जास्त झाले तर वडी मऊ राहते, आणि काही महिन्यांनी तिच्यावर नारिंगी ठिपके उमटून खवट वास येऊ लागतो, कारण ज्या लिनोलेइक आम्लामुळे हे तेल आहारात नावाजले जाते ते हवेतल्या प्राणवायूने लवकर बिघडते. म्हणून करडई दहा टक्क्यांच्या आतबाहेर, शेंगदाणा त्याहून जास्त, फेसासाठी आणि टणकपणासाठी खोबरेल, आणि फेस टिकावा म्हणून थोडे एरंडेल. खोबरेल आपल्याकडे पिकत नाही, पण त्याच्यावाचून आमच्या पाण्यात फेस येत नाही, हे सोलापुरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगते. नळाचे पाणी काही दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत बोअरवर भागवावे लागते. बोअरच्या पाण्यात साबण चोळला की फेसाऐवजी पांढरा चिकट साका धरतो, बादलीच्या कडेला बसतो, केसांत राहतो. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात आणि तो विरघळेनासा होतो. बाजारातल्या साबणांत यावर उपाय म्हणून काही द्रव्ये घातलेली असतात. मी त्यासाठी लिंबूसत्त्व घालते, तेलाच्या वजनाच्या दोनेक टक्के. पण ते आम्ल असल्यामुळे स्वतःच थोडे कॉस्टिक खाते, दहा ग्रॅमांमागे सहा ग्रॅमांहून किंचित जास्त, आणि तेवढे वाढवून घ्यावे लागते. ही बाब मला मनापासून आवडते. लिंबाचे सत्त्व आणि कॉस्टिक एकमेकांना संपवतात आणि त्यातून जे सायट्रेट तयार होते ते पाण्यातले कॅल्शियम पकडून ठेवते, म्हणजे पूर्व भागातल्या बोअरच्या पाण्यातही माझ्या साबणाला फेस येतो.

हे सगळे त्या दिवशी मला त्या बाईला सांगता आले असते का? हळदीकुंकवाच्या घाईत नाही. पण तिच्या कपाळावर मी नुकतेच लावलेले कुंकू मला नंतर पुष्कळ दिवस दिसत राहिले. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि तिथले कुंकू घरोघर जाते. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत हळदीला चुन्यासारखा एखादा क्षार लावला जातो आणि पिवळी हळद लाल होते. ओवाळणीच्या तबकातले लाल पाणीही हळद आणि चुन्याचेच. साबणात हळद घातली तर नेमके हेच होते. कॉस्टिकच्या द्रावणात ती रक्तासारखी लाल होते आणि वडी सुकत जाते तशी नारिंगी-तपकिरी रंगावर येऊन थांबते. म्हणजे ज्या हळदीकुंकवाला ती आली होती त्यातच क्षाराचे काम झालेले होते, आणि ते पिढ्यान् पिढ्या आपल्या बायका हातांनी करत आल्या. पापडात खार घालणारी, भांडी राखेने घासणारी, रंगपंचमीला कपड्यांना धुण्याचा सोडा लावणारी आजी कशाला काय लागते ते जाणून होती, आणि जपूनही होती. हे ज्ञान आपल्या घरांतून कधी गेले आणि त्याच्या जागी नुसती भीती कशी आली, हे मला समजत नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

अलीकडे ज्यांना साबणाचा छंद लागतो त्यांतले बरेच जण साबणाचा तयार आधार (सोप बेस) विकत आणून, तो वितळवून, त्यात रंग आणि वास घालून साच्यात ओततात. सुंदर वड्या होतात, लहान मुलांबरोबर करायला तर तीच पद्धत चांगली, आणि तिच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. फक्त त्या वड्यांवर “केमिकलविरहित” असे लिहिलेले वाचले, की मला थांबावेसे वाटते. तो आधारही कुठल्या तरी कारखान्यात, तेल आणि कॉस्टिक एकत्र करूनच झालेला असतो. कुणीतरी पिंप उघडलेले असते, कुणाच्या तरी चष्म्यावर वाफ आलेली असते. ते काम आपल्या नजरेआड झाले म्हणून ते झालेच नाही असे म्हणणे मला त्या माणसावर अन्याय केल्यासारखे वाटते, आणि हे मी एका रंगखात्यातल्या माणसाची मुलगी म्हणून बोलते आहे हे मी लपवणार नाही.

माझ्या छंदाच्या बाकीच्या शाखा फारशा बहरल्या नाहीत. मेणबत्त्या करून पाहिल्या. सोयाबीनच्या मेणाच्या, काचेच्या ग्लासातल्या. पण ते मेण पन्नास अंशांच्या आसपासच वितळते, आणि पत्र्याखालची आमची माळ्याची खोली उन्हाळ्यात किती तापते ते सोलापूरकरांना ठाऊक आहे. एप्रिल संपता संपता ग्लासातले मेण कडेपासून सुटून तेलकट होते, वात कलते. दिवाळीपुरत्या करते, त्याही थोड्या. उटण्याचे मात्र वेगळे आहे. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळ्या, संत्र्याची साल आणि मसुराचे पीठ यांचे आईचे प्रमाण मी तसेच ठेवले आहे, आणि अभ्यंगाच्या दिवशी आमच्याकडे आधी तेल, मग उटणे आणि शेवटी साबण, या क्रमात अजून बदल झालेला नाही. तान्ह्या बाळाची आई मला साबण मागते तेव्हा मी तिला साबणाऐवजी मसुराचे पीठ आणि साय सांगते. ज्याला जे सोसते ते द्यावे.

छंद आणि काम यांत जे अंतर आहे ते मला साबण करताना दर वेळी जाणवते. मी महिन्यातून एखादा घाणा घालते, तेही मनात आले तर. माझ्याकडे चांगल्या प्रतीचे हातमोजे आहेत, उघडी खिडकी आहे, आणि थकले तर साचा झाकून झोपण्याची मुभा आहे. अण्णांना ती नव्हती. तेच पांढरे पापुद्रे त्यांच्या वाट्याला आठ-आठ तास, ओल्या फरशीवर, वाफेत आले, आणि माझ्या वाट्याला एका निवांत रविवारी, वाळ्याच्या वासासह. कधी कधी या विचाराने हातातले काम थांबते. पण अण्णा दाराशी बसून जे पाहत होते त्यात मला खंत दिसली नव्हती. एकदा पातेल्यातले मिश्रण रेघेला आले तेव्हा ते पुढे वाकले आणि त्यांनी विचारले, “आता ह्यात कॉस्टिक नाही म्हणतेस?” मी म्हटले, अजून बरेच आहे, पण परवापर्यंत राहणार नाही. “आणि तेल?” तेही थोडेच राहील, दोघांचे मिळून तिसरेच होईल. त्यांनी ते ऐकून घेतले, आणि नंतर संध्याकाळी भेटायला आलेल्या जुन्या सोबत्याला ते अगदी तपशिलाने समजावून सांगत बसले. एवढी वर्षे ज्याच्यापासून हात वाचवले त्याच्यापासून अंगाला लावण्याची वस्तू होते, याचा त्यांना आनंद झाला होता, असे मला त्यांच्या आवाजावरून वाटले. आता ते नाहीत. जिभेची परीक्षा मीच करते.

मी साबण विकत नाही. विक्रीसाठी करायचा तर सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो, त्यासाठी वेगळी जागा, नोंदी, तपासण्या लागतात, आणि ते योग्यच आहे. पण देते पुष्कळांना, आणि संक्रांतीनंतर एक बदल केला आहे. खाकी कागदाच्या आत आता मी एक चिठ्ठी घालते: खोबरेल, शेंगदाणा, करडई आणि एरंडेल ही तेले, पाणी, कॉस्टिक सोडा, लिंबूसत्त्व, वाळ्याचे तेल, घाणा घातल्याची तारीख. कॉस्टिकपुढे कंसात “मुरल्यावर उरत नाही” एवढेच लिहिते. काही जणी ती वाचून प्रश्न विचारतात, काही वडी तशीच कपाटात ठेवून देतात, आणि दोन्ही मला चालते.

चिठ्ठी वाचून प्रश्न विचारणाऱ्यांत पलीकडच्या इमारतीतली एक मुलगी आहे. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. तिला साबण शिकायचा होता, आणि तिची सुरुवात वासांपासून व्हावी अशी तिची इच्छा होती. मोगरा घालू की केवडा, असे ती विचारत होती. पहिल्या दिवशी मी तिला फक्त तोलायला लावले. तेल, पाणी, मग हातमोजे आणि चष्मा घालून कॉस्टिक, तेही ग्रॅमाच्या दशांशापर्यंत, आणि ते सगळे हिशेबाच्या वहीत. दुसऱ्या दिवशी तिने पाण्यात सोडा घातला, भांड्याला बाहेरून हात लावून दचकून मागे झाली, आणि मग तिने आपणहून खिडकी उघडली. तिचा पहिला घाणा नवरात्रात साच्यातून निघाला. कडा थोड्या खडबडीत आहेत आणि केवड्याचा वास कॉस्टिकमध्ये बराचसा उडून गेला, याची ती हळहळ करते आहे. पुढच्या वेळी वासाचे तेल अगदी शेवटी, मिश्रण थोडे निवल्यावर घालायचे आम्ही ठरवले आहे. दिवाळीपर्यंत वड्या पुरत्या मुरणार नाहीत, तेव्हा त्या तुळशीच्या लग्नानंतरच वाटायच्या. चिठ्ठ्या तिने आत्ताच लिहून ठेवल्या आहेत, मराठीत आणि तेलुगूत, आणि दोन्हींत कॉस्टिक सोडा पहिल्या ओळीत आहे.